‘आवो’ म्हटलं म्हणून

पोलीस दारात आले आणि मी म्हणालो, "आवो, आवो. बेसो."

चूक माझी. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही हसायला मोकळे.

रविवारची सकाळ होती. अंगात बनियन, खाली लुंगी, तोंडात ब्रश. बेल वाजली. बडोद्याला लागून असलेल्या आमच्या बाजवा गावात रविवारी सकाळी दोनच जण येतात, वर्गणीवाले आणि पाहुणे. मी दार उघडलं आणि फेसासकट ‘आवो’ बाहेर पडलं. जन्म बडोद्यातला. घरात मराठी बोलतो, पण उंबऱ्यावर आलो की गुजराती होतो. कोण आलंय हे डोळ्यांना कळायच्या आत तोंड ‘आवो’ म्हणून मोकळं होतं. पत्ता चुकून आमच्या दारात आलेल्या एका वरातीलासुद्धा मी आवो म्हटलेलं आहे. त्यातले तिघं चहा पिऊन गेले.

तर ते आले. चौघं. पुढे जमादार. बुटांसकट आत. आणि मी काय केलं? तोंड धुतलं, फ्रिजमधली बाटली काढली, ट्रेमध्ये चार ग्लास भरून आणले.

जमादार पाणी प्यायला. ग्लास टीपॉयवर ठेवला. मिशी पुसली. आणि विचारलं, "अटक?"

आतून बायको धावत आली. हात पिठाचे. "अटक? अहो, अटक कशाला? काय केलं यांनी?"

गुजरातीत अटक म्हणजे आडनाव. तिला हे माहीत आहे. भुसावळकडून लग्न होऊन आली त्याला जमाना झाला, भाजीवाल्याशी ती माझ्यापेक्षा चांगलं गुजराती भांडते. पण घाबरल्यावर माणूस आपल्याच भाषेत घाबरतं. पोलीस हसले. मीही हसलो. मीही हसलो, हे लिहिताना आज हात अडतो. पण हसलो.

"आडनाव विचारतायत गं," मी म्हणालो. आणि आडनाव सांगितलं.

जमादारानं मान वाकडी केली. "मराठी ने? मराठीमां कया?"

मराठी माणसांतले कुठले. हा प्रश्न मला पाठ आहे. बडोद्यात मराठी माणसाच्या दोन जाती, असं मी थट्टेनं म्हणतो. एक संस्थानाबरोबर आले, कचेऱ्या सांभाळायला. दुसरे रेल्वेबरोबर आले, रूळ उचलायला. माझा बाप दुसऱ्या गाडीनं आला. भिंतीवर निळा कोट, हातात राज्यघटना असा फोटो होता. जमादारानं तो पाहिला आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "हं. समजी गयो."

आडनाव म्हणजे अटक. आमच्यापुरता तरी दोन्ही भाषांत एकच अर्थ निघाला.

मग कळलं कशासाठी आलेत. मी ज्या कारखान्यात स्टोअरला आहे, तिथून तांब्याच्या केबलचे गठ्ठे गेले होते. स्टोअरच्या चाव्या साहेबांकडे. गठ्ठे उचलून रॅकवर लावायचं काम माझ्याकडे. ज्याच्याकडे चावी तो साहेब, ज्याच्या हाताला वंगण तो संशयित.

"तपासो," जमादार म्हणाला.

कागद नाही. सही नाही. सोबत बाई पोलीस नाही. पंच म्हणून कोपऱ्यावरचा पानवाला आणि समोरच्या घरातले काका बोलावले. दोघंही दारात उभे राहून आमचं घर असं बघत होते, जसं ते कधी पाहिलंच नव्हतं. काका दर दिवाळीला येऊन चकल्या खातात.

गच्चीत खाटेवर साडी पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. एकानं खाली बघायला साडीचं टोक उचललं. कुरडया खाली. दुसऱ्यानं गव्हाचा डबा जमिनीवर ओतला. तिसऱ्यानं भिंतीवरचा फोटो काढून उलटा करून पाहिला. फोटोच्या मागे म्हणे केबलचे गठ्ठे असतील. आणि मी म्हणालो, "जपून हं, काच आहे." एवढंच निघालं माझ्या तोंडून. जपून हं.

मग बायकोची पेटी.

पलंगाखालची लोखंडी पेटी. तिची किल्ली तिच्या मंगळसूत्रात असते. मलासुद्धा त्या पेटीत काय आहे ते पूर्ण माहीत नाही. तिनं किल्ली द्यायला वेळ लावला, तर एकानं पाना घालून कडी उचकटली. तिच्या आईचं लुगडं. पोरीचं तान्हेपणीचं टोपडं. आणि बायकांचे जे कपडे बायका टॉवेलखाली वाळत घालतात ते. सगळं एकेक करून वर, उजेडात धरून, पानवाल्यासमोर, काकांसमोर. बायको भिंतीला पाठ लावून उभी. पिठाचे हात तसेच. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या हातात ट्रे होता.

पेटीच्या तळाशी घागर निघाली. तांब्याची. सासूबाईंनी लग्नात दिलेली, त्यावर त्यांचं नाव ठोकून घेतलेलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना, बारीक ठिपक्यांत, तसं. जमादारानं ती उचलली. नखानं वाजवली.

"आ तो तांबुं छे. बिल क्यां?"

मला वाटलं गंमत करतोय. मी परत हसायच्या तयारीत होतो. पण तो गंमत करत नव्हता. बायको म्हणाली, "नाव वाचा की. माझ्या आईचं नाव आहे."

त्यानं ठिपक्यांवरून बोट फिरवत ते मोठ्यानं वाचलं. आडनावापाशी थांबला. मग घागर शिपायाकडे दिली. "मुद्दामाल."

आमची घागर जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेली. मी हे सगळ्यांना असंच सांगतो, लोक हसतात.

तडक साहेबांकडे जायचं ठरवलं. दुसरं कोण होतं? स्टोअरचे साहेब, विनायकराव. पहिल्या गाडीनं आलेल्यांपैकी. आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. कारेलीबागेत बंगला, दाराला लोखंडी जाळी, जाळीवर पितळी पाटी. स्कूटर काढली आणि निघालो.

पोचलो तर बंगल्याबाहेर तीच जीप. तोच जमादार. तेच चौघं. पण उभे होते. फाटकाच्या आत, पायरीच्या खाली. जाळीच्या पलीकडे विनायकराव, पांढरा झब्बा, हातात वर्तमानपत्र. मला त्यांचा आवाज ऐकू आला. अगदी सावकाश. माणूस फोनवर नंबर सांगतो तसा.

"वॉरंट आणा. मग पाहू. तोवर बाहेर थांबा."

आणि जमादार म्हणाला, "जी साहेब."

मी सरळ जळलो. सकाळपासून पोटात जे काही होतं, भीती, लाज, ते सगळं बाजूला सरलं आणि नुसती जळजळ राहिली. बंगल्यावर जळत होतो का? ते तर मी नोकरीला लागल्यापासून जळतो. त्यांच्या एसीवर, त्यांच्या झब्ब्याच्या कडक इस्त्रीवर, त्यांच्या मुलाच्या फाडफाड इंग्रजीवर. तो माझा जुना, सवयीचा हेवा. त्याला मी मधुमेहासारखा सांभाळतो. पण हा नवा होता. मला त्यांच्या दोन शब्दांचा हेवा वाटला. ‘बाहेर थांबा.’ माझ्या उभ्या आयुष्यात मी हे कुणाला म्हणालो नाही. मला ते लाख वेळा म्हटलं गेलंय.

आतून एक बाई ट्रे घेऊन आली. चार ग्लास पाणी. पोलीस पायरीखाली उभं राहून प्याले. तेच पाणी मी पाजलं तर मी येडा. त्यांनी पाजलं तर ते सज्जन.

जमादारानं मला पाहिलं. "शुं काका? अहियां पण आवो कहेवा आव्या?"

इथेही आवो म्हणायला आलात का, म्हणे. सगळे हसले. या वेळी मी हसलो नाही. हेव्याचा एवढा तरी फायदा.

जीप गेली. विनायकराव जाळीतूनच माझ्याशी बोलले. जाळी उघडली नाही. पोलिसांसाठी न उघडलेली जाळी माझ्यासाठीही उघडली नाही, म्हणजे बघा, तेवढ्यापुरती पोलिसांची आणि माझी बरोबरी झाली. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, पण तू त्यांना आत घेतलंसच कशाला? आपला हक्क असतो. कागद मागायचा."

आपला. त्यांनी सहज म्हटलं. कुणाचा, ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी "हो साहेब" म्हणून स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन चौकीवर गेलो. घागर परत मागायला आणि विचारायला की कागद कुठे होता. टेबलामागच्या साहेबांनी मान वर केली नाही. "वॉरंट शेनुं? तमे पोते आवो कह्युं. पाणी पण पायुं."

राजीखुशीनं घर दाखवलं, असं ठरलं होतं. माझं ‘आवो’ परवानगी होऊन बसलं होतं. घरच्या संस्कारांची मी अशी सरकारदरबारी नोंद झालेली पाहिली. घागर चौकशी संपली की मिळेल, म्हणाले. पुढे केबल एका ट्रकवाल्या ठेकेदाराकडे सापडली. आमच्याकडे कुणी सांगायलाही आलं नाही. पानवाल्याकडून कळलं. घागर तिथंच. कारेलीबागेत पोलीस पुन्हा गेलेच नाहीत. कागद आणायचे कष्ट घेण्याइतका संशय त्यांच्यावर नव्हता.

त्यानंतर मी महिनोन्महिने घरात आरशासमोर ‘बाहेर थांबा’ म्हणायचा सराव केला. खोटं नाही. दाढी करताना. विनायकरावांच्या आवाजात. पोरगी विचारायची, "पप्पा, कोण आहे?" बेल वाजली की मी ठरवून तोंड मिटून दार उघडायचो. एकदा सख्ख्या मेव्हण्याला बाहेर उभं केलं.

मग एक दिवस स्टोअरमध्ये विनायकराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रविवारी मोकळा आहेस का?"

त्यांच्या भागातल्या कॉर्पोरेटर बेन एक सभा घेणार होत्या. असे प्रकार शहरात फार वाढले होते म्हणे. महानगरपालिकेनं ठराव करायचा आणि राज्य सरकारला पाठवायचा. घरझडतीचे नियम बदला, सगळ्या राज्यात. कागदाशिवाय घरात पाऊल नको. कागद दारातच वाचून दाखवा, घरच्यांना कळेल त्या भाषेत. बायकांच्या सामानाला बाई पोलीस. कॅमेरा चालू. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एकेक कलम जणू आमच्या गच्चीतून उचललेलं.

"तुझं उदाहरण देऊ," विनायकराव म्हणाले. "वहिनींनाही आण. आणि जरा लवकर ये रे. सतरंज्या घालायला माणसं कमी आहेत."

मी लवकर गेलो. सतरंज्या घातल्या. चांगल्या घातल्या, एक सुरकुती नाही. बायको शेवटून दुसऱ्या रांगेत बसली, नवी साडी नेसून. तिला वाटत होतं आज घागरीचा विषय निघेल.

विनायकराव बोलायला उभे राहिले. काय बोलतो तो माणूस! अर्धं गुजराती, अर्धं मराठी, मध्ये दोन इंग्रजी वाक्यं, जेवणात लोणचं असावं तशी. त्यांच्या दारात पोलीस आले होते, ते कसे ठाम उभे राहिले, कसं म्हणाले, बाहेर थांबा. टाळ्या. मी पण वाजवल्या. हात वाजवत होते आणि आत मी जळत होतो. ज्याच्या दारात थांबले तो माईकवर, ज्याच्या घरात घुसले तो सतरंजीवर. झडती माझी झाली आणि भाषण यांना मिळालं! माझ्या अपमानाचासुद्धा मला हेवा वाटावा अशी वेळ आली.

मग ते म्हणाले, "आणि आमच्याच स्टोअरमधला एक साधा माणूस. अगदी भोळा. पोलीस आले तर हा काय म्हणाला सांगू? आवो, बेसो!"

हॉल हसला. मोठ्यानं.

"पाणी पाजलं त्यांना! आता याला कोण शिकवणार की आपण नाही म्हणू शकतो? म्हणून हा कायदा हवा, अशा लोकांसाठी. ऊठ रे, दिसू दे सगळ्यांना."

मी उठलो. आता नमस्कार करायचा, थोडं हसायचं आणि बसायचं. हे मला कुणी सांगावं लागत नाही. हात अर्धे जुळलेसुद्धा. मग मागे वळून पाहिलं. बायको माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी भिंतीला पाठ लावून बघत होती ना, तशीच.

मी हात खाली घेतले.

"साहेब, मला नाही म्हणता येतं," मी म्हणालो. माईक नव्हता, पण आवाज पोचला. "आत्ता म्हणतोय. मी तुमचं उदाहरण नाही."

"अरे, तसं नव्हे..."

"तुमच्या दारात ते थांबले. मी आवो म्हटलं नसतं, तोंडात नुसता ब्रश ठेवला असता, तर माझ्या दारात थांबले असते? छातीवर हात ठेवून सांगा."

मी कॉर्पोरेटर बेनकडे वळलो.

"ठराव चांगला आहे. कराच. पण त्यात लिहिलंय, घरमालकाची संमती असेल तर कागदाची गरज नाही. टेबलावरच्या कागदात ते आधीच वाचलं मी, सतरंजी घालताना. तेच माझ्यावर उलटलंय. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आवो म्हणतात. ती संमती नाही, ती आईनं लावलेली सवय आहे. पोलिसानं आधी सांगायचं, तुम्ही नाही म्हणू शकता. मग विचारायचं. मग थांबायचं. कारेलीबागेत थांबतात तसं बाजव्यात थांबायचं. हे लिहा."

एवढं बोलूनही मी बसलो नाही.

कॉर्पोरेटर बेन चांगल्या होत्या. म्हणाल्या, "भाई, वात तमारी साची छे. पण ड्राफ्ट तो थई गयो. जोईशुं." मसुदा झालाय, बघू म्हणे.

विनायकराव माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. दुकानातली वस्तू आपोआप हलली तर माणूस बघेल तसं. मी बायकोला खूण केली. आम्ही दोघं उठलो आणि चालत बाहेर आलो. सतरंज्या उचलायला थांबलो नाही.

पुढे ठराव मंजूर झाला. शहर राज्याच्या पाठीशी उभं राहिलं की राज्यानं शहराच्या पाठीशी उभं राहावं असं म्हटलं, ते मला नीट कळलं नाही, पण बातमी आली. माझं वाक्य त्यात नव्हतं. संमतीचं कलम जसंच्या तसं. वर्तमानपत्रात फोटो होता. मध्ये विनायकराव. एका कडेला माझं कोपर. सतरंजी मात्र पूर्ण आली होती.

तो फोटो मी अर्धा तास बघत बसलो. खरं सांगतो, आजही त्यांच्यावर जळतो. आता तो हेवा मला विझवायचा नाही. विझला की मी परत ट्रे घेऊन उभा राहीन. मला त्यांचा बंगला नको, झब्बा नको. त्यांच्या पायरीखाली पोलीस ज्या जागी उभे राहिले, तेवढी जागा मला माझ्या दारापुढे हवी. बाजव्यातल्या प्रत्येक दारापुढे. शहराचा ठराव शहरानं केला. आमची पंचायत आमची आहे. पुढच्या ग्रामसभेत माझं वाक्य मांडायचं, ठरावात घालून राज्याला पाठवायला लावायचं. सरपंच म्हणतील, ही राज्याची बाब. म्हणू देत. नाही घातलं तर त्याच्या पुढच्या सभेत. मी आता उठलोय, मला बसता येत नाही.

हे सगळं मी काल संध्याकाळी घरात उभं राहून म्हणून पाहिलं. एक हात मागे, एक हात हवेत, विनायकरावांसारखा. आवाज सावकाश. माझी झडती, माझं घर, माझा अपमान. शेवटी स्वतःच थोडा भारावलो आणि बायकोकडे पाहिलं. ती पेटीपाशी बसून उचकटलेल्या कडीला दोरा गुंडाळत होती. गाठ मारली. दातानं दोरा तोडला.

मग म्हणाली, "पेटी कुणाची उघडली? माझी. घागर कुणाची नेली? माझ्या आईची. कपडे कुणाचे दाखवले पानवाल्याला? आणि आवो कोण म्हणालं? तुम्ही. मी म्हटलं होतं का आवो? मला कुणी विचारलं तरी का? ग्रामसभेत मी बोलणार. तुम्ही लवकर जा आणि सतरंज्या घाला."